बाईंनी काही दाबलं नव्हतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मला मध्येच थांबवून "जाऊ दे गं, होतं असं" म्हणू शकत नाही म्हणून. तसं कुणी म्हटलं तर मला ते हवंसं वाटेल, याची मला भीती आहे. म्हणून लिहून सांगते.

माझं काम वेबसाइट सांभाळायचं. रिहे गावात घरी बसून करते. मुळशी धरणाच्या काठची रिसॉर्टं, खोऱ्यातली फार्महाउसं, दोन-तीन शाळा — बऱ्याच जणांच्या साइट माझ्याकडे आहेत. साइट बंद पडली की फोन येतो. लोकांना दोनच गोष्टी सांगता येतात — "काहीतरी एरर येतोय" नाहीतर "सगळं पांढरं दिसतंय". त्यातलं पांढरं जास्त वाईट. एरर निदान काहीतरी बोलतो. पांढरा पडदा काहीच बोलत नाही. मग सर्व्हरवर जाऊन नोंदी वाचायच्या, शेवटची ओळ शोधायची, काय मोडलं, कधी मोडलं ते ताडायचं. मी यात चांगली आहे. बढाई म्हणून सांगत नाही. मी यात चांगली आहे, म्हणून माझ्या शब्दावर कुणी शंका घेत नाही — एवढंच तुम्हाला कळायला हवं.

आता गायकवाड बाईंबद्दल सांगते.

तिसरी-चौथीला बाई मला शिकवायला होत्या. ओढ्यापलीकडच्या वस्तीत, विहाराला लागून त्यांचं घर. आमचं घर वरच्या आळीत, भाताच्या खाचरांना लागून. सातवीनंतर मला शाळेतून काढायचं घरात ठरलं होतं, तेव्हा बाई आमच्याकडे आल्या आणि पायरीवर उभ्या राहून वडिलांशी अर्धा तास बोलल्या. मला पौडच्या शाळेत घालायला लावलं. त्या अर्ध्या तासात त्यांना "आत या" असं कुणी म्हणालं नाही. मी दाराआडून बघत होते. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. हे आत्ताच का आठवलं? पुढं कळेल तुम्हाला.

निवृत्त झाल्यावर बाईंनी एक काम काढलं. त्याचं बीज शाळेतलं होतं. दाखल्यावर आईचं नाव लिहायची पद्धत सुरू झाली, तेव्हा बाई पोरांच्या आयांना नाव विचारायच्या, आणि बायका लाजायच्या. "बाळूची आई लिवा की." काही जणींना सासरचं नाव सांगता यायचं, पण त्याआधीचं — लग्नात बदललेलं, माहेरचं — ते विचारलं की त्या हसायच्या आणि मग गप्प व्हायच्या. बाईंच्या ते डोक्यात राहिलं. तर त्या फोन घेऊन घरोघर जायला लागल्या. रिहे, मुळशी, थेट ताम्हिणीपर्यंत. म्हातारीसमोर बसायचं, चहा घ्यायचा, आणि विचारायचं — लहानपणी तुला काय म्हणत होते? कोण म्हणत होतं? तूच म्हणून दाखव.

कुणी मराठ्याची, कुणी धनगराची, कुणी कातकऱ्याची, कुणी वस्तीतली. एक-दीड मिनिटाचं बोलणं. "माझं नाव चिमी. माझा बाप बांधावरनं हाक मारायचा — चिमेऽऽ." एवढंच. पण ती हाक ती म्हातारी बापाच्या आवाजात मारायची, आणि मारून झाल्यावर फोनमध्ये नुसता कोंबड्यांचा आवाज यायचा बराच वेळ. बाई ते कापू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, राहू दे, तेही तिचंच आहे.

त्याची साइट मी केली. फोटो, खाली नाव, नावाखाली एक त्रिकोण. त्रिकोण दाबला की आवाज. बाई सत्तरीला आलेल्या, पण लॅपटॉपवर स्वतः चढवायला शिकल्या. एका वहीत पायरी पायरी लिहून घेतलं होतं. कधीही, एकदाही, त्यांच्या हातून चूक झाली नाही. त्या वस्तीतल्या बायकांचे ऑनलाइन अर्जही भरून द्यायच्या — पेन्शनचे, रेशनचे. ओटा कायम भरलेला.

फोनमधली जागा संपायला लागली तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, मूळ रेकॉर्डिंग ठेवू का काढू? मी म्हणाले, "एकदा साइटवर चढलं की फोन-लॅपटॉप दोन्हीतून काढून टाका बाई. माझ्याकडे कॉपी असते."

— असते. हा शब्द मी वापरला.

सुरुवातीला खरंच होती. मी आपोआप कॉपी निघेल अशी सोय केली होती. पण ती कॉपी त्याच सर्व्हरवर साठायची आणि जागा खायची. एका पावसाळ्यात मी ती बंद केली. आठ दिवसांसाठी म्हणून. मग रिसॉर्टवाल्यांची कामं आली, आणि ते राहूनच गेलं. बाई मधूनमधून विचारायच्या, "कॉपी आहे ना गं स्वाती?" मी म्हणायचे, आहे बाई. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला वाटलं होतं की आहे. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आठवलं होतं की नाही. त्यानंतरही तीन-चारदा तरी म्हणाले असेन. संध्याकाळी करू म्हणून. हे पहिलं. हे छोटं वाटतं ना? मलाही वाटायचं.

त्याला आता चार वर्षं झाली. श्रावण होता. बाईंनी शाळेत कार्यक्रम ठेवला होता, दुपारी साडेतीनला. ज्यांचे आवाज घेतले त्या म्हाताऱ्या, त्यांच्या लेकी, सुना, नाती. मोठ्या पडद्यावर एकेकीचा फोटो लावायचा आणि सगळ्यांसमोर तिचं नाव वाजवायचं. एकशे अकरा जणी झाल्या होत्या. त्यातल्या सात-आठ तोवर गेल्याही होत्या. त्यांच्या लेकी येणार होत्या.

सकाळी अकराला बाईंचा फोन. "स्वाती, साइट उघडत नाही गं. आधी एरर पाचशे का काय आलं, आता नुसतं पांढरं."

मी तेव्हा धरणाजवळच्या एका रिसॉर्टच्या ऑफिसात बसले होते. त्यांचं बुकिंगचं पान दोनच्या आत चालू करून द्यायचं होतं, आणि मॅनेजर दर दहा मिनिटांनी मागं येऊन उभा राहायचा. मी बाईंना म्हणाले, बघते. बारा वाजले. त्यांचा पुन्हा फोन. एक वाजला. पुन्हा. मला त्यांचा राग आला — हेही सांगूनच टाकते. इतक्या सगळ्या कामात यांचं काय मध्येच, असं वाटलं. ज्या बाईंमुळे मी त्या खुर्चीत बसले होते, त्यांच्याबद्दल.

एक वाजून गेल्यावर मी सर्व्हरवर गेले. कारण लगेच सापडलं. जागा संपली होती. जागा संपली की सर्व्हरला साधी नोंदही लिहिता येत नाही आणि तो पांढरा पडतो. सोपं काम — काहीतरी जुनं पुसायचं, जागा करायची. मी बघितलं. दोन फोल्डर होते. दोन्हींची नावं मीच दिलेली, आणि दोन्ही नावं आळसानं दिलेली — एक 'नवीन' आणि एक 'नवीन२'. कधीतरी पूर्वी चाचणीसाठी मी एक प्रत करून ठेवली होती. ती दुसरी, असं मला वाटलं. वाटलं. उघडून बघायला किती वेळ लागला असता? एक मिनिट? मॅनेजर मागं उभा होता. मी 'नवीन२' पुसलं.

साइट उघडली. फोटो दिसले, नावं दिसली. मी बाईंना फोन केला — झालं बाई. त्या म्हणाल्या, "बाई गं माझी!" आणि मी रिसॉर्टच्या पानाकडे वळले. एकही त्रिकोण दाबून बघितला नाही.

पावणेचारला त्यांचा फोन आला. मागं माणसांचा गलका, पंख्याची घरघर. "स्वाती, फोटो येतायत, पण आवाज वाजत नाही गं. दाबतेय मी. दाबतेय तर नुसतं गोल गोल फिरतंय."

मी पुन्हा सर्व्हरवर गेले. तुम्हाला सांगते, ते कळायला मला चार-पाच सेकंदही लागले नाहीत. आवाजांचं फोल्डर नव्हतं. जी चाचणीची प्रत मी पुसली असं समजत होते ती तिथंच होती, चाचणीपुरत्या भरलेल्या भलत्याच फायलींची, काही उपयोग नसलेली. आणि खरं होतं ते नव्हतं. नोंदीत स्वच्छ लिहिलेलं — एक वाजून चौदा मिनिटं, माझं नाव, काय पुसलं. कानाला फोन, आणि फोनमध्ये बाई वाट बघतायत.

तेव्हा मी काय म्हणाले?

मी म्हणाले, "बाई, सकाळी तुमच्याकडून काही डिलीट झालं का?"

आवाजात काळजी आणून म्हणाले. अगदी हळुवार.

तिकडं पंख्याचा आवाज येत राहिला. मला नंतर कळलं की बाईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, माईकजवळ धरला होता — सगळ्यांना ऐकू यावं म्हणून, काय अडचण आहे ती. शाळेच्या खोलीत साठ-सत्तर बायका बसल्या होत्या. त्या सगळ्यांनी ते ऐकलं.

"झालं असेल गं," बाई म्हणाल्या. "सकाळी उघडत नव्हतं म्हणून मी खटपट केली थोडी. झालं असेल माझ्याकडून." मग — "कॉपी आहे ना?"

मी म्हणाले, बघते.

हा माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटत असेल. इथवरच असता तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. माणूस घाबरतं, तोंडातून काहीतरी निघून जातं — असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली असती. पण त्याच संध्याकाळी मला एक संधी मिळाली होती. खरं तर तीन दिवस मिळाले होते.

घरी आल्यावर मी सर्व्हर कंपनीच्या मदतीची पानं वाचली. त्यांच्याकडे अख्ख्या सर्व्हरची प्रत असते, पण तीनच दिवस. चौथ्या दिवशी तिच्यावर नवी चढते. ती परत मागवायची तर एक अर्ज भरायचा, आणि खातं ज्यांच्या नावावर त्यांच्या फोनवर ओटीपी येणार. खातं बाईंच्या नावावर. एवढ्यावर भागलं असतं तर मी काहीतरी थाप मारून तो नंबर घेतला असता. पण खाली लिहिलं होतं — परत आणलेल्या गोष्टींचं एक पत्र खातेदाराच्या मेलवर जाईल. काय पुसलं गेलं, किती वाजता, कुणाच्या नावानं. बाईंचा मेल त्यांचा मुलगा बघायचा, प्रशांतदादा. तो कंपनीत याच कामातला. त्याला ती ओळ एका नजरेत कळली असती.

मी अर्ज भरला. शेवटपर्यंत भरला. शेवटचं बटण दाबलं, आणि ओटीपीसाठी सहा चौकोन आले.

तेवढ्यात बाईंचा फोन. म्हणाल्या, "स्वाती, मला काहीतरी नंबर आलाय गं आत्ता. सहा आकडी. मी तर काही केलं नाही. कुणी फसवणारा तर नसेल?"

नंबर त्यांच्या हातात होता. समोर माझ्या पडद्यावर सहा रिकामे चौकोन होते. एकशे अकरा बायकांचा आवाज सहा आकड्यांच्या पलीकडे होता, आणि बाई ते आकडे वाचून दाखवायला तयार होत्या. त्यांनी वाचायला सुरुवातही केली — "चार, शून्य..."

मी म्हणाले, "बाई, तो नंबर कुणालाही सांगू नका. मलासुद्धा नाही. पुसून टाका."

"बरं बाई," त्या म्हणाल्या. "तू आहेस म्हणून बरं."

हे मी आजवर सांगितलेलं नाही. पुसलं ती चूक होती. फोनवर म्हणाले ते खोटं होतं. पण हे — हे मी बसून, विचार करून, घरच्या खुर्चीत, चहाचा कप शेजारी ठेवून केलं. एका बाजूला ते आवाज ठेवले, एका बाजूला मी. आणि मी निवडलं. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. तिसऱ्या दिवशी मी दोनदा तो अर्ज उघडला, दोनदा बंद केला. चौथ्या दिवशी सकाळी उठल्यावर मला काय वाटलं, सांगू? सुटल्यासारखं वाटलं. आता काही करता येणार नाही, म्हणून.

बाईंना मी सांगितलं की कॉपीही खराब निघाली.

गावात ते दोन दिवसांत पसरलं. माझ्या आईनं मला जेवायला वाढता वाढता म्हटलं, "तरी मी म्हनत व्हते, त्या बाईला कशाला ते मशिनीतलं काम. शाळेत पोरं हाकली तेवढं लई झालं." वरच्या आळीतल्या कुणाबद्दल आई असं बोलली नसती. तिलाही ते माहीत होतं, मलाही. माझं खोटं इतक्या सहज का खपलं, हे मला त्या ताटावर बसून कळलं. ते खपायला गाव आधीच तयार बसलं होतं. मला काही करावंच लागलं नाही. मी भात कालवला आणि जेवले.

बाईंनी ठरवलं की प्रत्येकीच्या घरी जाऊन सांगायचं. फोनवर नाही. "मी घेतला होता ना आवाज घरी जाऊन, मग सांगायलाही घरी जायला हवं." आणि त्यांनी मला विचारलं, स्कूटरवर नेशील का गं? मी नाही कसं म्हणणार? अकरा रविवार आम्ही फिरलो. मी गाडी चालवायची, बाई मागं, खांद्यावर त्यांचा हात. घराघरात जाऊन त्या हात जोडायच्या आणि म्हणायच्या — माझ्या हातून तुझा आवाज पुसला गेला, मला माफ कर. मी शेजारी बसायचे. चहा घ्यायचे. एका रविवारी दहा घरं झाली. दहा वेळा तेच वाक्य.

बहुतेक जणींना त्याचं काही वाटलंच नाही. रिह्यातली एक आजी, दात नसलेली, हसत सुटली. "आगं पर माजं नाव तुज्या ध्यानात हाय नव्हं? मग झालं की. मशिनीला काय करायचंय." बाईंना हुंदका आला. त्या आजीनं बाईंच्या पाठीवरून हात फिरवला, मग माझ्याही पाठीवरून फिरवला — मी सोबत आले म्हणून.

ताम्हिणीत मात्र तसं झालं नाही. तिथं रस्त्याला सुमनताईचा ढाबा आहे. तिची आई त्या उन्हाळ्यात वारली होती. पाऊस असा कोसळत होता की पत्र्याखाली ओरडून बोलावं लागत होतं. सुमनताई भजी तळत होती. बाईंनी सांगायला सुरुवात केली. सुमनताईनं गॅस बंद केला.

"म्हंजी न्हाईच का आता?"

बाईंनी मान हलवली.

"आवं, मी रोज सकाळी ढाबा उघडायच्या आदी लावायचे. आठ दिस वाजंना, मला वाटलं रेंज गेलीय पावसानं." तिचा आवाज चढत गेला. "माज्या आयचा आवाज तितंच व्हता. तुमी म्हनला व्हतात, मानूस गेलं तरी हे ऱ्हाईल. म्हनला व्हतात का न्हाई? जमत न्हाई तर कशाला हात लावायचा? दुसऱ्याच्या आयचा आवाज हाय, त्यो काय खेळ हाय का?"

ढाब्यात चार-पाच गिऱ्हाइकं होती, गाड्या लावून भिजत आलेली. सगळे बघायला लागले. आणि बाई — माझ्या बाई, सत्तर वर्षांच्या — खाली वाकल्या. सुमनताईच्या पायाला हात लावायला. सुमनताई झटकन मागं सरली. "आवं बाई! असं काय करताय!"

मी कुठं होते? मी दोन हेल्मेट हातात धरून खांबाला टेकून उभी होते. हेल्मेटातून पाणी ठिबकत होतं. एक वाक्य पुरलं असतं. पावसात ते कुणाला ऐकूही गेलं नसतं कदाचित, पण त्या दोघींना गेलं असतं. मी त्या हेल्मेटांतलं पाणी झटकत राहिले.

परत येताना आम्ही धरणाच्या कडेनं आलो. पळसे गावाच्या आसपास बाई मागून एवढंच म्हणाल्या, "बरोबर बोलली ती."

त्यानंतर बाईंनी लॅपटॉपला हात लावला नाही. मला देऊन टाकला. ओट्यावर अर्ज भरायला बायका यायच्या त्यांना माझ्याकडे पाठवायला लागल्या — "माझ्या हातून पुन्हा काहीतरी दाबलं जायचं." आणि हळूहळू ते लॅपटॉपपुरतं राहिलं नाही. गॅस बंद केला का, हे त्या तीनतीनदा बघायच्या. कुलूप लावून निघाल्या की अर्ध्या वाटेवरून परत यायच्या. तळहातावर पेनानं लिहून ठेवायच्या — दार, गॅस, मोटर. प्रशांतदादानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती उत्तम आहे, काहीही झालेलं नाही. बाईंचा विश्वास बसला नाही. त्यांच्याकडे पुरावा होता ना — एकशे अकरा आवाज त्यांनी पुसले होते आणि पुसल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. मग डोकं ठिकाणावर आहे असं कसं म्हणायचं?

तो पुरावा त्यांना मी दिला होता.

वर्षभरात त्यांनी एकटं राहणं सोडलं. वाकडला मुलाच्या फ्लॅटवर गेल्या. चाळीस वर्षं ज्या घरात एकटीनं संसार ओढला त्या घरात आता हिंजवडीला जाणारी दोन मुलं भाड्यानं राहतात. मी एकदा वाकडला भेटायला गेले. ठरवून गेले होते, आज सांगायचंच. बाई खाली बागेत बसल्या होत्या. आम्ही वर जायला निघालो, लिफ्टपाशी आलो. बाई थांबल्या. बाजूला सरकून मला म्हणाल्या, "बटण तू दाब."

मी म्हणाले, अहो बाई, दाबा की, अकरावा मजला. त्या हसल्या. "नको गं. वॉचमनला सांगते मी एरवी."

मी बटण दाबलं. दार बंद झालं. अकरा मजले आम्ही दोघीच होतो. एवढा वेळ कुणाला पुरत नाही? वर जाऊन मी पोहे खाल्ले, नातीची चित्रं बघितली आणि परत आले.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. झोपेतच. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रिह्याच्या विहारात झाला. वरच्या आळीतूनही माणसं आली होती. प्रशांतदादा बोलताना म्हणाला, आईनं ती एक चूक शेवटपर्यंत मनाला लावून घेतली, आम्ही किती समजावलं. मग म्हणाला, त्या काळात स्वातीताई तिच्या पाठीशी उभी राहिली, मुलीसारखी. मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी गेले. मी म्हणाले, बाईंनी मला घडवलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. ते खरं होतं का? मला ठरवता येत नाही.

यानंतरची एकच गोष्ट राहिली आहे, ती मागच्याच महिन्यातली. एका कामासाठी ताम्हिणीला गेले होते, येताना सुमनताईच्या ढाब्यावर थांबले. ऊन होतं, गर्दी नव्हती. तिनं मला ओळखलं. चहा आणून दिला आणि समोरच्या बाकावर बसली. बराच वेळ हातातल्या फडक्यानं टेबल पुसत राहिली. मग म्हणाली, "बाई गेल्या म्हनं."

मी म्हणाले, हो.

"मी त्या दिशी लई बोलले त्यांना. गिऱ्हाइकांम्होरं." ती अजून टेबलच पुसत होती. "आय नुकतीच गेलेली, माजं डोकं जाग्यावर नव्हतं. पर त्यांचा काय दोष व्हता? म्हातारं मानूस, दाबलं गेलं आसंल चुकून. पाया पडाया वाकल्या वं त्या माज्या. माज्या! मला आजून झोप लागत न्हाई त्यानं. एकदा जाऊन मापी मागावी म्हनलं, तर ऱ्हाऊनच गेलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला नीट कळत होतं. तिला हवं होतं की बाईंच्या वतीनं कुणीतरी काहीतरी म्हणावं. बाईंच्या सगळ्यात जवळची म्हणून ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "असू दे सुमनताई. बाईंनी मनात काही ठेवलं नव्हतं."

तिनं डोळ्यांना पदर लावला. मग चहाचे पैसे घेतले नाहीत.